नियमाची भाषा : महाविद्यालयांत घडलेल्या काही व्हिडिओ गेमविषयी

गेली वीसेक वर्षे मी जुन्या बैठ्या खेळांच्या मागे आहे. लेण्यांचे ओटे, देवळांच्या पायऱ्या, किल्ल्यांच्या देवड्या अशा ठिकाणी कोरलेले पट शोधायचे, कागद ठेवून त्यांचे ठसे घ्यायचे, घरे मोजायची, वहीत मांडायची, असा हा उद्योग. शिक्षणाने मी वाणिज्य शाखेची. नोकरी एका सहकारी बँकेत झाली. पुरातत्त्व, सौंदर्यशास्त्र, समीक्षा यांपैकी काहीही मी वर्गात बसून शिकले नाही. जे आले ते ग्रंथालयातून आणि चुकांतून आले. या कामात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून छळत आली आहे. दगडात पट टिकतो, नियम टिकत नाही. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी दिसल्या की हा मंकळा जातीचा खेळ, एवढे सांगता येते. पण बिया किती घ्यायच्या, कोणत्या दिशेने पेरायच्या, शेवटची बी रिकाम्या घरात पडली तर काय, हे सारे खेळणाऱ्यांबरोबर गेले. ते कोरून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नसावी, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होते.

व्हिडिओ गेमशी माझा संबंध नव्हता. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा फोन आला. भाची बारावी झाली होती आणि तिला पुण्यातल्या एका संस्थेत चार वर्षांच्या पदवीला जायचे होते. पदवीचे नाव लांबलचक : गेम आर्ट, डिझाइन अँड डेव्हलपमेंट. बहीण म्हणाली, “ताई, तू खेळांवरच लिहितेस ना, मग तूच सांग. हे शिक्षण आहे, की नुसती फी आहे?” महिनाभरात सांगते म्हणाले. दोन वर्षे लागली. भाचीने अर्थातच माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती आता दुसरे वर्ष संपवते आहे. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर.

उत्तर शोधायचे कुठे? माहितीपुस्तिकेत ते सापडत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळले. भाचीच्या संस्थेच्या पुस्तिकेत मुखपृष्ठावर तलवार उपसलेला एक योद्धा होता. आत सॉफ्टवेअरची नावे होती, संगणकांचे फोटो होते, नोकरी देणाऱ्या कंपन्यांची बोधचिन्हे होती. ‘नियम’ हा शब्द मी शोधला, तो फक्त वसतिगृहाच्या पानावर होता. मग ठरवले की एखाद्या लेखनकार्यशाळेची पारख जशी तिथे लिहिल्या गेलेल्या कवितांवरून करावी, तशी या शिक्षणाची पारख विद्यार्थिदशेत घडलेल्या खेळांवरून करावी. भाचीच्या लॅपटॉपवर, तिच्या शिव्या खात, मी असे काही खेळ खेळले. जे आता खेळता येत नाहीत ते इतरांनी खेळताना केलेल्या चित्रणांतून पाहिले. वाचकांना या खेळांची ओळख असेल असे मी धरत नाही, मलाही नव्हती.

त्याआधी आपल्या घरचे एक उदाहरण घेते, म्हणजे मी ‘नियम’ कशाला म्हणते ते स्पष्ट होईल. मोक्षपट आपल्याला माहीत आहे. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या वादात इथे शिरत नाही. साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण. पटावरची अक्षरे सांगतात : दया कर, चढशील, मत्सर कर, पडशील. पण खेळायला बसलो की काय होते? कवड्या पडतात आणि सोंगटी सरकते. खेळणाऱ्याने एकही निर्णय घ्यायचा नसतो. म्हणजे अक्षरे आचरणाचा उपदेश करतात आणि नियम म्हणतो, कोणती शिडी वाट्याला येईल हे तुझ्या हातात नाही. ही विसंगती मानायची की पूर्वसंचिताचे सिद्धान्तच नियमाने सांगितले असे मानायचे, यावर भांडता येईल, आणि मी भांडलेही आहे. मुद्दा इतकाच की खेळाला दोन वाचा असतात. पुढे हा पट इंग्रजांच्या घरी गेला, सद्गुणांची नावे बदलली, मग पुसली गेली आणि मुलांची सापशिडी उरली. अक्षरे गेली तरी नियम अजून तेच बोलतो आहे. साप चावल्यावर रडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला ते पूर्ण समजलेले असते.

खेळ घडवण्याची पदवी ही कल्पना फार जुनी नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये संगणकीय खेळांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच शहरातल्या एका छोट्या कंपनीने १९९१ मध्ये ‘लेमिंग्ज’ हा खेळ काढून नाव कमावले होते, त्यामुळे तिथे ते सुचणे स्वाभाविक होते. कॅनडात सुरू झालेली डिजिपेन ही संस्था पुढे अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेडमंडला गेली. लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने हा विषय चित्रपटशिक्षणाच्या शाळेत बसवला, हे मला सूचक वाटते : डिजिपेनमध्ये तो प्रोग्रॅमिंगच्या बाजूने आला, इथे दिग्दर्शनाच्या. आपल्याकडे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन-गेमिंगसाठी कृतिदलाची घोषणा झाल्यापासून खासगी संस्थांच्या जाहिरातींना ऊत आला आहे. त्याच काळात, २०२३-२४ मध्ये, जगभरातल्या गेम कंपन्यांतून हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, हे जाहिरातींत नसते.

डिजिपेनच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा एक खेळ पूर्ण केला. नावाला अर्थ नाही; इंटरनेटवर शोधले तर दुसरे काही सापडू नये म्हणून बनवलेला शब्द. एक राजकन्या तळघरात कैदेत आहे. ज्या डोंगराच्या पोटात ते तळघर आहे तोच जिवंत आहे आणि तिला मदत करतो. मदत कशी? तो भिंतीत दारे उघडतो. एका दारातून आत शिरले की दुसऱ्यातून बाहेर. दार जमिनीत असेल आणि दुसरे छतात, तर माणूस पडतच राहतो. बस्स, एवढाच नियम.

हा खेळ दिसायला ओबडधोबड आहे. राजकन्येचा चेहरा ठोकळ्यासारखा, भिंती मातकट, प्रकाश बेतास बात. आणि त्या राजकन्येला उडी मारता येत नाही. खेळात सांगितलेले कारण असे की तिला गुडघेच नाहीत! पहिल्यांदा मी हसले. नंतर लक्षात आले की हा थट्टेचा भाग नाही, ही रचना आहे. अशा खेळांत अडथळा आला की खेळणाऱ्याचा हात सवयीने उडीच्या बटणाकडे जातो. उडी काढून टाकल्यावर त्या हाताला दुसरे काही सुचावेच लागते. मी पहिल्या खोलीत दहा मिनिटे भिंतीला धडका देत होते. मग दोन दारे उघडून पलीकडे गेले आणि मागे वळून पाहिले, तर समोरच्या दारातून मला माझीच पाठ दिसली. तो क्षण कोणत्याही चित्राने दिलेला नव्हता. चित्र तर गबाळेच होते.

संस्थेतल्या प्रदर्शनात व्हॉल्व्ह या कंपनीच्या लोकांनी तो खेळ पाहिला. त्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतले गेले आणि गटच्या गट नोकरीवर ठेवला गेला. त्यातून २००७ मध्ये ‘पोर्टल’ आला. दारांचा नियम तोच. भोवतीची प्रयोगशाळा, गोड आवाजात धमक्या देणारे यंत्र, विनोद हे नवे. (आणि नायिकेला गुडघे आले : ती उडी मारू शकते. मला पहिली रचना अधिक कडक वाटते, पण भाची म्हणते, मावशी, तू फारच कर्मठ आहेस.) चार वर्षांनी हेच पुन्हा घडले. डिजिपेनच्याच दुसऱ्या एका गटाने ‘टॅग : द पॉवर ऑफ पेंट’ हा खेळ केला होता, भिंती रंगवायच्या, एका रंगावर घसरण वाढते, दुसऱ्यावर उसळी मिळते. तो गटही कंपनीत गेला आणि ती कल्पना २०११ च्या ‘पोर्टल २’ मध्ये आली. दोन्ही वेळा कंपनीने विकत घेतला तो नियम. चित्रकार तिच्याकडे आधीच भरपूर होते.

हे वाचून कोणी म्हणेल की मग कॉलेज कशाला, चार हुशार मुले गॅरेजमध्ये बसूनही नियम शोधतील. मीही स्वयंशिक्षित असल्यामुळे सुरुवातीला माझे मत हेच होते. ते बदलले ते लॉस एंजेलिसच्या खेळांमुळे.

तिथे जेनोव्हा चेन हा शांघायहून आलेला विद्यार्थी होता. लहानपणी दम्यामुळे त्याचे बरेच दिवस दवाखान्यात गेले. २००५ मध्ये त्याने सहविद्यार्थ्यांबरोबर ‘क्लाउड’ केला : दवाखान्यातल्या खाटेवर झोपलेला मुलगा स्वप्नात उडतो, ढग गोळा करतो, त्यांचे आकार करतो, पाऊस पाडतो. मारणे नाही, हरणे जवळजवळ नाहीच. खेळ फुकट होता आणि लोकांची इतकी झुंबड उडाली की विद्यापीठाची यंत्रणा कोलमडली. कथा म्हणून तो हळवा आहे, थोडा जास्तच. पण ढग ओढताना हाताला जो संथपणा येतो तो खरा आहे. पुढे पदव्युत्तर प्रबंधासाठी चेनने मिहाय चिक्सेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञाचा तल्लीनतेचा सिद्धान्त घेतला. काम फार अवघड असेल तर माणूस घाबरतो, फार सोपे असेल तर कंटाळतो, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तो रमतो. हा पट्टा प्रत्येकाचा निराळा. मग एका खेळात तो सगळ्यांसाठी कसा ठेवायचा? प्रबंधाबरोबर केलेल्या ‘फ्लो’ (२००६) या खेळात उत्तर आहे. पाण्यातला एक अळीसारखा जीव. लाल जीव खाल्ला की खोल जातो, निळा खाल्ला की वर येतो. अवघड हवे असेल तर खाली जा, झेपत नसेल तर वर ये. ‘सोपे, मध्यम, कठीण’ अशी यादी विचारण्याऐवजी निवड खेळाच्या पोटातच घातली. एकही शब्द नाही. माझ्यासारखी बाई, जिचा अंगठा सकाळी आखडलेला असतो, ती तो पाऊण तास खेळली.

प्रबंधाचे असे रूप मी आधी पाहिले नव्हते. आपल्याकडे सौंदर्यशास्त्राचा प्रबंध म्हणजे सिद्धान्ताविषयीचे लेखन. इथे सिद्धान्त मांडून झाल्यावर तो दुसऱ्याच्या हातात देऊन पाहायचा होता. या ‘दुसऱ्याच्या हातात देण्या’साठी एक शब्द आहे, प्लेटेस्ट, आणि माझ्या मते या संपूर्ण शिक्षणाचा गाभा तो आहे. त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापिका ट्रेसी फुलर्टन यांचे ‘गेम डिझाइन वर्कशॉप’ हे पाठ्यपुस्तक २००४ मध्ये आले. त्यात आधी कागद, पुठ्ठा, फासे घेऊन खेळ मांडायला सांगितले आहे. संगणक नंतर. मग अनोळखी माणसाला खेळायला बसवायचे, पाहायचे, बदलायचे, पुन्हा बसवायचे. यातली कठोर अट अशी की पाहणाऱ्याने बोलायचे नाही. तो अडखळला तरी “तिथे नाही, इकडे” असे सांगायचे नाही, कारण विकलेल्या खेळाबरोबर तुम्ही त्याच्या घरी जाणार नसता.

याने काय साधते ते चेनच्याच पुढच्या कामात दिसते. शिक्षण संपल्यावर त्याने सहाध्यायी केली सँटियागो हिच्याबरोबर कंपनी काढली, आणि २०१२ मध्ये ‘जर्नी’ आला. वाळवंटात एकटे चालताना दुसरा प्रवासी भेटतो. तो जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस असतो. नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. परक्याविषयी माया वाटावी, असा हेतू. पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत लोक एकमेकांना ढकलून खड्ड्यात पाडू लागले! चेनने हे मुलाखतींत सांगितले आहे. त्याने बालमानसशास्त्रज्ञाला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की नव्या जगात माणूस तान्ह्या मुलासारखा वागतो : ज्या कृतीला सर्वांत मोठा प्रतिसाद मिळतो ती तो पुन्हा पुन्हा करतो, चांगले-वाईट त्याला कळत नसते. मग त्यांनी उपदेशाची पाटी लावली नाही. ढकलणेच काढून टाकले. दोन देह एकमेकांवर आदळत नाहीत. जवळ आले तर दोघांच्याही उपरण्याला तेज चढते आणि उडण्याची शक्ती मिळते. त्यानंतर तीच माणसे एकमेकांसाठी थांबू लागली. मी ज्या परक्याबरोबर शेवटच्या बर्फात चालले तो कोण होता हे खेळ संपल्यावर आलेल्या नावांतून कळले, म्हणजे टोपणनाव कळले. मधेच तो मागे पडला तेव्हा मी वळून परत गेले होते. माझ्या सद्गुणाला याचे श्रेय द्यावे असे मला वाटत नाही.

‘पोर्टल’मध्येही असेच आहे. एका लांबलचक टप्प्यात एक ठोकळा शेवटपर्यंत वाहून न्यायचा होता आणि चाचणीला बसलेली माणसे तो मागेच विसरत. म्हणून त्यावर बदाम काढला, यंत्राच्या तोंडी त्याच्याविषयी वाक्ये घातली. शेवटी तोच ठोकळा भट्टीत टाकायला लावला. आज त्या ठोकळ्यावर हळवे लेख लिहिले जातात. मूळ अडचण विसरभोळेपणाची होती.

इथे समीक्षेचा प्रश्न येतो. २००४ मध्ये हनिकी, लब्लांक आणि झुबेक या तिघांनी एक छोटा निबंध लिहिला, तो आता जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : खेळाला तीन थर असतात, नियम, नियमांतून घडणारे वर्तन आणि त्यातून येणारा भावानुभव. घडवणारा पहिल्या थराकडून पाहतो, खेळणारा तिसऱ्याकडून. घडवणाऱ्याचा हात फक्त पहिल्या थरापर्यंत पोहोचतो. (यांतल्या हनिकी पुढे ‘जर्नी’च्या निर्मितीत होत्या, हा योगायोग नसावा.) कोणत्याही कलेचा विचार तिच्या माध्यमापासून सुरू करावा, हा मर्ढेकरांचा आग्रह होता, साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ, असे ते मांडत. त्या रीतीने विचारले, तर व्हिडिओ गेमचे माध्यम पडदा किंवा रंग नव्हे. नियमाखाली घडणारी खेळणाऱ्याची कृती हे ते माध्यम. विभाव-अनुभावांची आपली मांडणीही इथे आठवते, पण ती जशीच्या तशी चालणार नाही. रंगमंचावर शकुंतलेला दुष्यंत नाकारतो, प्रेक्षक नाही. खेळात नाकारणारा हात माझा असतो.

याचे सर्वांत बोचरे उदाहरणही विद्यार्थ्यांचेच आहे. सुदानमधल्या दारफूरच्या संहारावर सुझाना रुईझ आणि त्याच विद्यापीठातल्या सहविद्यार्थ्यांनी ‘दारफूर इज डाइंग’ हा खेळ २००६ मध्ये केला. निर्वासितांच्या छावणीतले एक कुटुंब समोर येते. पाणी आणायला कोणाला पाठवायचे ते निवडायचे. मी साहजिकच बापाला निवडले. खेळाने नकार दिला : मोठा पुरुष सहसा जात नाही, सशस्त्र टोळीवाले त्याला ठार मारण्याची शक्यता फार; दुसरे कोणी निवडा. उरतात बायका आणि मुले. मग मी मुलीला पाठवते. मी पाठवते. वाळवंटात जीप येतात, लपायचे, पळायचे. पकडली गेली तर तिचे काय होऊ शकते ते शब्दांत येते आणि खेळ विचारतो, आता कोणाला पाठवता? चित्रे साधी, चपटी आहेत. मला करुण रस जाणवला असे म्हणता येणार नाही. जे जाणवले ते अपराधाच्या जवळचे होते, आणि ते त्या एका नकाराच्या नियमातून आले. पुढचा भाग, छावणी सांभाळण्याचा, मला ढिला वाटतो. तिथे खेळ माहितीपत्रक होतो. एवढ्या संहाराला काही मिनिटांच्या धावाधावीत बसवणे योग्य का, हा आक्षेप घेतला गेला आणि तो सहज झटकण्यासारखा नाही. तरी त्या पहिल्या नकाराइतके नेमके वाक्य मला युद्धावरच्या अनेक जाडजूड पुस्तकांत मिळालेले नाही.

हा खेळ फ्लॅश या तंत्रावर चालत असे. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले. काही हौशी लोकांनी असे खेळ चालवण्याच्या वाटा शोधल्या आहेत म्हणून बरे. एरवी चित्रे उरली असती आणि नियम गेला असता, लेण्यातल्या पटांसारखा.

आता पुण्यात येते. मागच्या हिवाळ्यात भाचीच्या संस्थेत वार्षिक प्रदर्शन होते. मोठ्या पडद्यांवर चिलखते चमकत होती, ड्रॅगनच्या खवल्यांवर खरोखर पाणी ओघळत होते. त्या मुलांच्या कष्टांविषयी मला शंका नाही. एका खवल्यामागे किती रात्री असतात ते भाचीमुळे मला माहीत आहे. पण खेळायला बसले की सगळीकडे तेच : चाला, मारा, गोळा करा. नियम इंजिनबरोबर तयार आलेला. (इंजिन म्हणजे खेळ ज्यावर बांधतात ते तयार सॉफ्टवेअर.) पुण्यातल्याच एका गटाने केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला तेव्हाही मला असेच वाटले होते. त्यातली भित्तिचित्रे, छायाबाहुल्या पाहून डोळे निवतात. हात मात्र जे करतात ते परदेशी खेळांत पूर्वी केलेलेच. आपली गोष्ट सांगायला आपले चित्र पुरते, असा समज आहे.

कोपऱ्यातल्या एका टेबलावर भाचीचा गट होता. गावात पाण्याचा टँकर येतो, हंडे रांगेत लावायचे, टँकर निघायच्या आत आपले भरायचे. राखाडी ठोकळ्यांची माणसे. रंग द्यायला वेळ मिळाला नव्हता. मी बसले. भाची शेजारी वही घेऊन उभी. ही मुलगी जन्मल्यापासून बोलते आहे. मी विचारले, “अगं, हिला पुढे कशी जाऊ देऊ?” तर म्हणाली, “मावशी, मला बोलायची परवानगी नाही.” माझ्या मागे कडेवर मूल घेतलेली एक ठोकळाबाई होती. लहानपणी आमच्या गावात नळावर असे मूल कडेवर असलेलीला आधी सोडत. मी तिला सोडू पाहत होते आणि खेळात ते शक्यच नव्हते. मी हंडा उचलला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. टँकर गेला. ‘तुम्ही हरलात’ असे आले. भाची काहीतरी लिहीत होती, कान लाल झालेले.

बक्षीस ड्रॅगनला मिळाले. परीक्षकांनी टँकरच्या टेबलावर दोन मिनिटे घालवली आणि ‘दृश्य बाजू सुधारा’ असा शेरा दिला. तीन आठवड्यांनी भाचीने मला नवी आवृत्ती पाठवली. आता कोणालाही पुढे सोडता येते. सोडले तर आपला हंडा अर्धाच भरतो. आणि पुढच्या वेळी टँकर आला की खेळाला ते आठवत असते. कोणीतरी, नेहमी नाही, आपल्यालाही सोडते. ‘नेहमी नाही’ यावर गटात म्हणे दोन दिवस भांडण झाले. ते भांडण हेच त्या दोन वर्षांतले शिक्षण, असे माझे मत आहे, आणि ते घरी एकटीने बसून होण्यासारखे नव्हते.

कारण मला ते कधी मिळाले नाही. वीस वर्षे मी छापून येते आहे. माझा लेख वाचणारा माणूस मी कधी समोर पाहिलेला नाही. तो कुठे थांबतो, कुठे पान उलटतो, कुठे जांभई देतो. फार पूर्वी एका संशोधनपत्रिकेकडे पटांवरचा पहिला मोठा निबंध पाठवला होता. तो दीड वर्षाने परत आला, एका ओळीशिवाय. काय चुकले हे मला आजही माहीत नाही, आणि त्या न कळण्यावरच माझी पुढची सगळी शैली उभी आहे : पुन्हा पुन्हा समजावणारी, कंस घालणारी. म्हणून या लेखाचा खर्डा मी भाचीला माझ्यासमोर वाचायला दिला आणि गप्प बसले. मर्ढेकर आले तिथे तिने फोन पाहिला. तो परिच्छेद तेव्हा दीड पान होता.

बहिणीला मी फोनवर सांगितले की फी जास्तच आहे, पुस्तिका खोटी आहे आणि मुलगी शिकते आहे. ती म्हणाली, यातले नेमके काय समजायचे? तिन्ही, म्हटले.

गेल्या महिन्यात भाची दोन मैत्रिणींना घेऊन घरी आली. माझ्या ठशांची गुंडाळी सोडून त्यांनी सात-सात खळग्यांचा एक पट फरशीवर खडूने आखला आणि चिंचोके मागितले. शेवटची बी कुठे पडली तर काय, याच्या मी वहीत लिहिलेल्या तीन तऱ्हा त्यांनी आळीपाळीने खेळून पाहिल्या. दोघी खेळायच्या, तिसरी गप्प बसून लिहायची. मला सर्वांत संभाव्य वाटलेली तऱ्हा, जिच्यावर माझा एक छापील लेख आहे, ती दुसऱ्याच डावात फिरत राहिली. चिंचोके गोल गोल जात होते आणि डाव संपेना. अर्ध्या तासाने भाचीने विचारले, “मावशी, हे त्यांनी खरंच खेळलं असेल?” मी पहिल्यांदाच चिंचोके हातात घेऊन फरशीवर बसले.